न पडलेल्या पावसाचा बेदाणा

केतकी मगदूम आधी हसलीच.

पडद्यावर आकडा आला होता उणे एकोणीस. म्हणजे हा बेदाणा ज्या पाण्यावर पिकला, ते पाणी ढगातून पडायला अजून एकोणीस वर्षं बाकी होती! "म्हातारे, बरी आहेस ना गं?" ती यंत्राला मराठीत म्हणाली. स्लोव्हेनियातल्या कोपर बंदरावर मराठी समजणारं दुसरं कोणी नव्हतंच, त्यामुळे यंत्राशी बोलायची तिला कधी लाज वाटली नाही.

तिनं नळ्या धुतल्या आणि सकाळी अंगणात टिपलेलं पावसाचं पाणी घालून यंत्र तपासलं. शून्य आलं. मग आधीच वय ठाऊक असलेले बदाम घातले, सत्तर आलं. म्हातारी ठणठणीत होती. केतकीनं त्याच कंटेनरमधली दुसरी पेटी फोडून चार दाणे घातले. उणे साठ. आता मात्र तिला हसू आलं नाही, कारण पेटीवर छापलेलं गावाचं नाव तिनं आत्ता कुठं नीट वाचलं. बोरजाई, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. तिचं स्वतःचं गाव.

आता ही म्हातारी काय करायची, ते सांगायला हवं. पावसाच्या प्रत्येक थेंबात ट्रिटियम नावाचा जड हायड्रोजन असतो, अगदी नाममात्र. आकाशातून येणाऱ्या किरणांमुळे तो वर हवेत रोज नव्यानं तयार होतो आणि पावसाबरोबर खाली येतो. पाणी जमिनीत मुरलं की नवा पुरवठा बंद. होता तो किरण सोडत सोडत दर बारा वर्षांनी निम्मा होत जातो. शंभर वर्षं खडकात अडकून पडलेल्या पाण्यात त्याचा जवळजवळ मागमूस राहत नाही. वेल ते पाणी पितो, आणि त्यातला काही हायड्रोजन फळाच्या साखरेत घट्ट बसतो. द्राक्ष वाळवा, धुवा, तेलात बुचकळा, तो जागचा हलत नाही. म्हातारी ते अणू मोजायची आणि पाव तासात पाण्याचं वय सांगायची. हजार फुटांच्या बोअरचं पाणी असेल तर पडद्यावर सरळ 'शंभराच्या वर' असं यायचं, आणि 'शंभराच्या वर' आलं की माल परत.

हा नियम सहा छोट्या देशांनी मिळून केलेला. मोठ्यांच्या टेबलावर या चिमुकल्यांना एरवी कोण विचारतो? पण बंदरं त्यांची होती, आणि मोठ्या देशांचा माल त्यांच्या दारातून आत जायचा. स्लोव्हेनिया तर चुनखडीचा देश. इथं नद्या भर वाटेत जमिनीत गडप होतात आणि दहा कोसांवर पुन्हा वर येतात. पिण्याच्या पाण्याचा हक्क या लोकांनी आपल्या राज्यघटनेतच लिहून ठेवलेला. त्यांनीच पुढाकार घेतला आणि ठरवलं, की जे पाणी माणसाच्या आयुष्यात परत भरून येत नाही, त्यावर पिकलेलं काहीही आपल्या धक्क्यावर उतरवायचं नाही. व्यापार हवा तर पावसाच्या पाण्यावरचा. २०३९ साली करार झाला तेव्हा केतकीला त्यात काही खोट दिसली नव्हती. आजही तिला तो विचार चुकीचा वाटत नव्हता.

पण उणे? पावसापेक्षा जास्त ट्रिटियम असलेलं पाणी आणायचं कुठून?

टेबलावर तिची बरणी होती. धाकटा भाऊ सन्मती दरवर्षी वाळवणीच्या शेडमधल्या पहिल्या रॅकवरचा घरचा बेदाणा तिला वेगळा काढून पाठवायचा, हिरवागार, लांब मण्यांचा. कुरियर येऊन आठवडा झाला होता आणि बरणी अर्धी संपली होती. आत्ताही तिच्या तोंडात एक दाणा होता. तिनं बरणीतले चार दाणे यंत्रात घातले आणि खिडकीतून समुद्र बघत उभी राहिली.

उणे दोनशे चाळीस.

तोंडातला दाणा तिनं हातावर थुंकला. दर बारा वर्षांना दुप्पट, म्हणजे वीस वेळा दुप्पट. पावसात असतं त्याच्या दहा लाख पट! हे निसर्गातून येणं शक्यच नव्हतं, कोणीतरी हातानं घातलं होतं. आणि घालायची युक्ती बोरजाईत पोचली कशी, हेही तिला त्याच क्षणी आठवलं. मागच्या पावसाळ्यात ती गावी गेली होती. नियमामुळं दोन वर्षं गावाचा माल परत आलेला, सगळे हिरमुसलेले. चुलीपाशी बसून, फुशारकीनं, तिनंच सन्मतीला यंत्र समजावलं होतं. "वेडीच आहे रे ती. थोडं ट्रिटियम दिसलं की तिला पाणी तरुण वाटतं." सन्मतीनं तेव्हा दोनदा विचारलं होतं, काय म्हणालीस, ट्रिटि काय?

तिनं फोन लावला. तिकडं दुपारचे तीन वाजले होते.

"अक्का!" सन्मतीचा आवाज नुसता उसळत होता. "आकडा बघितलास काय? तरुण आलं न्हवं पाणी?"

"काय घातलंयस तू पाण्यात?"

"टॉनिक. तू म्हणालीस ते नाव मिरजेच्या कुंभोजे डीलरला सांगितलं, त्यानं आणलंय. अख्खं गाव वापरायलंय की. ऑक्टोबर छाटणीपासनं ड्रिपमधनं सोडायलोय. ह्या एप्रिल छाटणीलाबी सोडलं, काडी तयार होताना द्यावंच लागतं म्हणाला."

"बाटलीवर काय लिहिलंय?"

"आता टॉनिकवर काय लिहितात, अक्का? कोरी बाटली. डीलर सांगतो तेवढं घालायचं."

तासगावकडच्या बागायतदाराला हे नवं नव्हतं. द्राक्षबागेत वर्षाला शंभर प्रकारची औषधं पडतात. त्यातली निम्मी बिनलेबलची असतात, आणि डीलरनं एक माप सांगितलं तर आपण दोन घालायची, हा तर रिवाजच. केतकीला वडिलांचं ते वागणं आठवलं. औषध कमी पडलं तर बाग जाईल, जास्त पडलं तर काय बिघडतंय, असं अण्णा म्हणायचे.

"किती घातलंस?"

"त्यानं टाकीला चार थेंब सांगितलेले. मी झाकणानं घातलं. दोन झाकणं, एखाद वेळेला तीन. तुझ्या बरणीचा रॅक पहिल्या प्लॉटचा, तिथं जरा हात सैल सोडला." तो हसला. "बहीण तपासणार म्हटल्यावर!"

"आणि सन्मती, घरात पाणी कुठलं येतं?"

"कुठलं म्हणजे? टाकी एकच हाय की आपली."

टाकीतून एक नळ ड्रिपला आणि एक घराला, हे केतकीला लहानपणापासून माहीत होतं. आणि त्या घरात सन्मतीची बायको होती, त्रिशला, सहा महिन्यांची गरोदर.

तिनं सांगितलं, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. हे टॉनिक नाही, किरण सोडणारं पाणी आहे. कुठल्यातरी भंगारातल्या, अंधारात आपोआप चमकणाऱ्या पाट्यांमधनं काढलेलं असणार. ते पाण्यासारखंच पाणी असतं, म्हणून शरीर त्याला ओळखत नाही, सगळीकडे जाऊ देतं. पोटातल्या बाळापर्यंतसुद्धा. उकळून जात नाही, गाळून जात नाही.

मग सन्मती म्हणाला, "कुंभोजेनं देवळासमोर स्वतः पिऊन दाखवलं. पेलाभर. चव न्हाई, वास न्हाई. काय झालं त्याला?"

"आज नाही होणार रे. वर्षांनी होतं."

"वर्षांनी!" त्याचा आवाज चढला. "दोन वर्षं तुझ्या त्या म्हातारीनं आमचा माल फेकला. आता पास व्हायलाय तर तू विष म्हणायलीस. ह्या लोकांनी दोनशे वर्षं धूर ओकला, आमचा पाऊस पळवला, अन् आता आमच्या बोअरचं वय विचारायलेत! अन् माझी बहीण त्यांच्याकडनं बोलायलीय." त्यानं फोन ठेवला.

धुराचं म्हणणं तर खरंच होतं.

दुपारी तिची साहेब बोयाना खोलीत आली. साठीची, कमी बोलणारी बाई. तिनं तिन्ही आकडे पाहिले, मग पेटीवरचं गावाचं नाव. केतकीला वाटलं आता ही ओरडणार, पण ती खुर्ची ओढून बसली. "दोन गोष्टी लिहिता येतात," ती म्हणाली. "यंत्रात बिघाड, असं लिहिलंस तर कंटेनर गुपचूप परत जाईल. पाण्यात भेसळ, असं लिहिलंस तर सहाही देशांची दारं तुझ्या तालुक्याला दहा वर्षं बंद होतील, आणि तुझ्या सरकारला कळवावं लागेल. परवापर्यंत वेळ आहे. सही तुझी आहे, मी मध्ये पडणार नाही."

केतकीनं आधी स्वतःशी लबाडी केली. बिघाड लिहायचं आणि सन्मतीला हळूहळू समजवायचं, असं तिनं ठरवूनसुद्धा टाकलं. दुसऱ्या दिवशी तिनं त्याला अकरा फोन केले. त्यानं एकही उचलला नाही. मग तिनं त्रिशलाला लावला.

"बोला की वन्सं," त्रिशला म्हणाली. तिला 'वन्सं' म्हणायला गंमत वाटायची, जुन्या सिनेमातल्या सुनेसारखं. "तुमच्या भावाचं तोंड कालपासनं फुगलंय. काय झालंय?"

केतकीनं सगळं सांगितलं.

"वन्सं," शेवटी त्रिशला म्हणाली, अगदी बारीक आवाजात, "मी आत्ताच तांब्याभर पाणी प्यायले."

"ऐक. माहेरी जा. शेडबाळला नदीचं पाणी येतं ना तुमच्या? आज जा."

"अन् ह्यांना काय सांगू? ऐकायचे न्हाईत."

"डोहाळे लागलेत म्हण. कृष्णेच्या पाण्याचे."

त्रिशला हसली, आणि हसता हसताच रडायला लागली. "बाळाला काय होईल हो?"

"तू लवकर निघालीस तर पाणी शरीरातनं धुऊन जातं. दहा-बारा दिवसांत निम्मं, मग आणखी निम्मं. भरपूर पाणी पी, तिकडचं." हे खरं होतं. पण जे आधीच बाळाच्या हाडामांसात बसलं असेल त्याचं काय, ते केतकी बोलली नाही. तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं आणि त्याची तिला भयंकर भीती वाटत होती.

त्रिशला संध्याकाळच्या आत शेडबाळला पोचली. तिचा निरोप आला तेव्हा केतकी जिन्यावर बसून ओक्साबोक्शी रडली. मग तिला वाटलं, आपली एक वाचली. बोरजाईत चाळीस घरं बागायतदारांची आहेत, प्रत्येकाची टाकी एकच आहे, आणि त्या घरांतल्या बायकांना कोण फोन करणार? तिनं डोळे पुसले, वर गेली आणि लिहिलं, पाण्यात भेसळ.

तिसऱ्या दिवशी सन्मतीचा फोन आला. तो ओरडला नाही, हेच वाईट होतं. "गावात तोंड दाखवायला जागा ठेवली न्हाईस," तो म्हणाला. "दहा वर्षं. पोरं काय करतील इथली? अण्णा असते तर त्यांनी तुला दारात उभं केलं नसतं. मला अक्का न्हाई, एवढं ध्यानात ठेव."

"सन्मती, टाकी रिकामी कर. एवढंच ऐक माझं. शेवटचं."

फोन कधीच बंद झाला होता की त्यानं ते ऐकलं, तिला कळलं नाही.

पुढचे महिने वाईट गेले. कुंभोजे पसार झाला. सरकारी माणसं बोरजाईत गेली तेव्हा त्यांना टाक्या कोरड्या ठणठणीत सापडल्या, आणि ती तशीच परत आली. आणि म्हातारीच्या पडद्यावर नवे आकडे यायला लागले. एका देशाच्या ऑलिव्हला उणे आठ. दुसऱ्या खंडातल्या कापसाला उणे तीस. बाकीच्या पाच देशांच्या बंदरांतूनही तसेच निरोप येऊ लागले. जिथं जिथं खोल बोअर होती आणि माल परत गेला होता, तिथं तिथं कोणीतरी कोरी बाटली घेऊन पोचला होता. बोयाना एकदा खिडकीपाशी उभी राहून म्हणाली, "आम्ही पाणी वाचवायला निघालो होतो." केतकीला रात्री झोप लागेनाशी झाली, आणि बरणी तिनं शिशाच्या पेटीत बंद करून ठेवली. खरं तर त्या किरणांना काचही पुरते, पण पेटीला कुलूप होतं.

सप्टेंबरात त्रिशलाला शेडबाळला मुलगी झाली. वजन बरं होतं, रडणं खणखणीत होतं. नाव कृष्णा ठेवलं. आत्यानं ठेवायचं नाव आईनंच ठेवलं, कारण आत्याला बोलवायची सन्मतीची तयारी नव्हती. डिसेंबरात मायलेकी बोरजाईला परतल्या. केतकीनं विचारलं तेव्हा त्रिशला म्हणाली, "काळजी करू नका वन्सं. टॉनिक कवाच बंद झालंय. टाकी तर ह्यांनी तेव्हाच धुऊन काढलीय, मी गेल्यावर आठ दिवसांत."

म्हणजे त्यानं ऐकलं होतं. केतकीला इतकं बरं वाटलं की त्या दिवशी तिनं एकटीनंच शिरा करून खाल्ला.

फेब्रुवारीत एक पाकीट आलं. आत तांबड्या कापडाची पुरचुंडी, आणि सन्मतीच्या अक्षरात चिठ्ठी.

'अक्का, कृष्णीचं जावळ काढलं. आपल्यात जावळ आत्याच्या पदरात पडतं. तू न्हवतीस, म्हणून तिच्या आईनं ताटात धरलं. आता तुझ्या पदरात घे. मी लई बोललो. फोन कर.'

पुरचुंडीत बाळाचे केस होते, काळेभोर, रेशमासारखे मऊ. त्यातले काही पोटात असतानाच उगवलेले. केतकीनं ते दोन्ही हातांनी तोंडाशी धरले. वेखंडाचा वास आला आणि तिला हुंदका फुटला.

आणि मग तिला राहवेना. केस महिन्याला साधारण बोटाच्या पेराच्या निम्म्यानं वाढतो, आणि ज्या दिवशी जे पाणी अंगात असेल ते त्या दिवसाच्या तुकड्यात कायमचं बसतं. टोक म्हणजे पोटातले दिवस, बुंधा म्हणजे परवाचे. हे बघितलं तर कळलं असतं की त्रिशला निघाली तेव्हा उशीर झाला होता की नाही. न बघितलं तर निदान आजची झोप लागली असती. तिनं बराच वेळ घालवला, बोयाना जेवून परत आली तोवर. मग तिनं केस एका दिशेनं लावले, कातरले आणि तीन ढीग केले.

टोक, उणे एकशे ऐंशी. तिनं डोळे मिटून घेतले. हे होणारच होतं, तिला माहीत होतं. मधला भाग, तीन. उणे नव्हे, नुसते तीन. तीन वर्षांचं साधं, गोड, कृष्णेचं पाणी! "वाचलं गं पोर," ती मोठ्यांदा म्हणाली. बोयानानं दारातून विचारलं, काय झालं, तर केतकीनं हसून तिला अंगठा दाखवला आणि तिसरा ढीग यंत्रात घातला. बुंध्याचा, डिसेंबर ते फेब्रुवारी.

उणे एकशे बावन्न.

तिनं नळ्या धुतल्या. पुन्हा घातलं. उणे एकशे बावन्न.

फोन लागायला एक मिनिट लागलं.

"अक्का!" सन्मतीचा आवाज ओला होता. "मिळालं काय जावळ? मी रागात काय काय बोललो बघ..."

"सन्मती, घरात आता पाणी कुठलं येतंय?"

"बोअरचं. थेट. टाकी बंदच केलीय. तू म्हणालीस न्हवं, रिकामी कर. तुझं ऐकलं मी, अक्का. रागात होतो तरी ऐकलं."

"रिकामी केलीस तेव्हा पाणी कुठं सोडलंस?"

"कुठं म्हणजे?" त्याला प्रश्नच कळला नाही. "लाखभर लिटर पाणी, भर उन्हाळ्यात. ओतून देऊ काय रस्त्यावर? बोअर रिचार्जचा पाइप हाय की आपला, पावसाचं पाणी सोडतो तो. त्यातनं बोअरमध्ये सोडलं. खडकातनं गाळून शुद्ध होतंय न्हवं? गावानं सगळ्यांनी तसंच केलं. पाणी वाया घालवायला कुणाचं मन होतंय गं?"

हजार फूट खाली, काळ्या दगडाच्या भेगांत, जे पाणी हजारो वर्षं हललं नव्हतं ते आता चाळीस टाक्यांचं पाणी पोटात घेऊन बसलं होतं, आणि तेही तसंच हलणार नव्हतं. पाझरातल्या ओलीसारखं ते एकेका बोअरमधून वर येत राहणार होतं, केतकीच्या आणि कृष्णीच्या आयुष्यापेक्षा जास्त वर्षं.

फोनमधून पाण्याचा आवाज आला, आणि एक खळखळून हसणं.

"ऐकलंस काय?" सन्मती कौतुकानं म्हणाला. "तुझी भाची. टबात बसवलीय तिला. पाण्यातनं बाहेर यायचं नावच घेत न्हाई. नाक-तोंड बुडवून पीतीय बघ चोरटी."

"सन्मती," केतकी म्हणाली, "तिला बाहेर काढ."

"काय?"

"काही विचारू नको. पाण्यातनं बाहेर काढ तिला. आधी तिला बाहेर काढ!"